नाल्याची हजेरी

घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि येऊरच्या पायथ्याच्या सर्व शाळांच्या मुख्याध्यापकांना,

सप्रेम नमस्कार.

मी २९ वर्षं ठाण्यात भूगोल शिकवला. 'पाणलोट क्षेत्र म्हणजे काय?' हा २ गुणांचा प्रश्न. ज्या क्षेत्रात पडलेले पावसाचे पाणी वाहत जाऊन एकाच प्रवाहास मिळते, त्या क्षेत्रास वगैरे वगैरे. हे वाक्य मी किती उत्तरपत्रिकांत वाचलं असेल याची गणती नाही. शब्दाला शब्द जुळला की बरोबरची खूण आणि पुढचा पेपर.

या सगळ्या काळात शाळेच्या मागून एक नाला वाहत होता. येऊरच्या डोंगरावरून उतरायचा, आमच्या कुंपणाला घासून पुढे घोडबंदर रस्त्याखालच्या मोरीतून निघून जायचा. एकाही वर्गाला मी त्याच्या काठावर नेलं नाही. उलट पावसाळ्यात वास येतो, डास होतात म्हणून त्या बाजूची भिंत ४ फूट वाढवायचा ठराव झाला, तेव्हा शिक्षक प्रतिनिधी म्हणून त्यावर माझी सही आहे. वर्गात फळ्यावर पाणलोटाची आकृती काढायची आणि खिडकीबाहेरचा पाणलोट भिंतीआड करायचा, हे मी एकाच वेळी केलं आणि त्यात काही विसंगत आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. तुमच्या शाळेजवळच्या एका नाल्याची वर्षातून ४ वेळा हजेरी घ्या. मुलांनी घ्यायची, वहीत लिहायची, आणि ती वही शाळेने जपायची.

आधी डोंगराबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना (मलाही बरीच वर्षं) तो 'नॅशनल पार्क' म्हणजे बोरिवलीचा वाटतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा निम्म्याहून अधिक भाग, आपलं येऊर धरून, ठाणे जिल्ह्यात आहे. पाऊस सगळ्या डोंगराला सारखाच झोडपतो. पण डोंगरमाथ्याच्या धारेच्या पलीकडे, मुंबईच्या अंगाला, १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी. त्या तलावांच्या वरचं रान राखलं, म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्यांतलं पाणी, थोडं का होईना, मुंबई पिते. धारेच्या अलीकडे, आपल्या अंगाला, त्याच पावसाचे ओहोळ होतात, ओहोळांचे नाले, आणि नाल्यांचं काय होतं ते तुम्ही रोज शाळेत येताना नाकाला रुमाल लावून पाहता. पुढे ते उल्हासच्या खाडीला मिळतात. आकाशातून पडतं ते पाणी दोन्हीकडे एकच. फरक खालच्या जमिनीने केलेला.

आणि प्यायचं पाणी? तेही आपण दुसऱ्यांच्या पाणलोटातून आणतो. ठाण्याला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा भातसा आणि उल्हास या नद्यांचा. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे शिकवावी लागत नाही. आपल्या मुलांना मात्र पाणी नळातून येतं एवढंच माहीत आहे, आणि नळ सोसायटीच्या मालकीचा आहे.

आता हजेरीच्या त्या चार शनिवारांबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतली सहा मुलं, त्यांतल्या दोघांचे बाबा, येऊरच्या एका पाड्यावरच्या मावशी आणि कोलशेतच्या बाजूला खाडीत मासे धरणारे एक काका अशी आमची टोळी जमली. मावशी दर जूनमध्ये स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी विकायला बसतात. मी त्यांच्याकडून वीसेक वर्षं शेवळं आणि त्यांत घालायची काकडं घेत होते, पण ती येतात कुठून हे कधी विचारलं नव्हतं. वन खात्याची परवानगी काढली, जिथवर जायला मुभा होती तिथवरच गेलो. पहिली फेरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली होती तेव्हा.

काचेच्या तीन बरण्या नेल्या होत्या. लोणच्याच्या, धुऊन घेतलेल्या. पहिली भरली ती रानाच्या कडेला, दुसरी एका मोठ्या बांधकामाच्या खालच्या बाजूला (काठावर उभं राहून, दोरीला बादली बांधून), तिसरी खाडीच्या तोंडाशी. घरी आणून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने ठेवल्या आणि मुलांना सांगितलं, उद्या याच वेळी या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीच्या तळाशी बोटाच्या नखाएवढा थर होता, काळपट, त्यात पानांचे तुकडे. वरचं पाणी फिक्या चहासारखं पण आरपार दिसणारं. दुसऱ्या बरणीत चार बोटं गाळ, तांबडा, मुरमाचा. त्याच्यावर पांढरट पट्टा. एका मुलाने तो लगेच ओळखला, कारण त्याच्या घरी तेव्हा फरशी बदलत होते. सिमेंट. तिसऱ्या बरणीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही निवळलं नव्हतं. एका मुलीने पट्टी आणून तिन्ही थर मिलिमीटरमध्ये मोजले आणि वहीत लिहिले. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी २९ वर्षं फळ्यावर 'मृदेची धूप' असा मथळा लिहून त्याखाली कारणं १ ते ५ उतरवून देत होते. ती धूप माझ्या खिडकीत बरण्यांतून बसली होती.

मावशी मुलांना काय दाखवत होत्या ते सांगायला हवं. ओहोळाच्या कडेला एका जागी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, इथे पहिल्या पावसाला मुठे निघायचे, आम्ही टोपली भरून न्यायचो. मुठे म्हणजे जमिनीवरचे खेकडे. वरच्या अंगाला कोणीतरी डेब्रिजचे दोन ट्रक रिकामे केले, त्यांची बिळं बुजली, त्यानंतर नाहीत. कोणत्या वर्षी, असं मी विचारलं. त्यांनी साल नाही सांगितलं, धाकटीच्या लग्नाचं वर्ष सांगितलं. मुलांनी तेच वहीत लिहिलं. माझ्या मते तीही नोंदच आहे, आणि पुष्कळ अहवालांतल्या नोंदींपेक्षा भरवशाची आहे.

काकांचं बोलणं कमी. खाडीच्या काठाला उभं राहून त्यांनी हाताने दाखवलं, होडी पूर्वी कुठे लागायची आणि आता कुठे लागते. मधल्या जागेत तिवरं (खारफुटीची, कांदळवनातली झाडं) वाढली आहेत. तिवरं वाढली म्हणजे चांगलंच ना, असं एका मुलाने विचारलं, शाळेत त्याने तेच वाचलं होतं. काका म्हणाले, तिवर चांगलीच, पण ती चिखलावर वाढते, आणि हा चिखल आला कुठून ते तुझ्या बरणीला विचार. डोंगर, नाला आणि खाडी एका वाक्यात आणणारा असा शिक्षक मी कुठल्या प्रशिक्षणात पाहिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही हे करतोच. पर्यावरण दिन करतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव करतो, नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा श्रेणी विषय आहे, त्याचे उपक्रम मुलं करतात. करतात, मला माहीत आहे. बरेचसे झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होतात, तेही मला माहीत आहे, कारण त्यांना श्रेणी मीच देत होते.

वृक्षारोपणाचंही सांगते. आमच्या शाळेने एकदा एका कंपनीबरोबर आणि एका संस्थेबरोबर 'भागीदारी' केली. कोणाची नावं घेत नाही, त्यांचा हेतू वाईट नव्हता. डोंगराच्या उतारावर साडेतीनशे रोपं लावली. टोप्या, टी-शर्ट, फूड पॅकेट, फलक, सगळं होतं. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी पुन्हा कार्यक्रम ठरला, आणि आदल्या दिवशी खड्डे खणायला गेलेल्या माणसाचा फोन आला: "बाई, खड्डे तयारच आहेत." गेल्या वर्षीचेच. रोपं मेली होती, खड्डे तेवढे उरले होते. आम्ही त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावली आणि फोटो काढले. मी दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी आहे.

त्याहून वाईट भाग मला मावशींमुळे कळला. रोपांना जागा करायला आम्ही तिथली कारवी साफ केली होती. कारवी म्हणजे काडक्या, झुडपं, असंच आम्हाला वाटलं. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा आपण कॅमेरे घेऊन धावतो. एरवी ती उताराची माती घट्ट धरून बसलेली असते, आणि पाड्यावरच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच. ती काढून आम्ही उतार उघडा केला आणि त्याला 'हरित ठाणे' म्हटलं. जमीन राखायची तर काय लावायचं याआधी काय उपटायचं नाही हे कळावं लागतं, आणि ते कळणारी माणसं त्या दिवशी कार्यक्रमात होती. त्यांच्याकडे खड्डे खणायचं काम दिलं होतं.

म्हणून भागीदारी हा शब्द मला आता जरा जपून वापरावासा वाटतो. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा कोणाची जमीन किती यावर ठरायचा नाही, घरात माणसं किती यावर ठरायचा. भूमिहीनालाही वाटा होता. आणि योजनेच्या खर्चातला २० टक्के भार गावकऱ्यांनी स्वतः उचलायचा. म्हणजे ज्याचं काही पणाला लागलेलं आहे तो भागीदार. आपल्याकडच्या भागीदारीत शाळेचा एक दिवस पणाला लागतो, कंपनीचा एक धनादेश, आणि पाड्यावरच्या आणि खाडीवरच्या माणसांचं सगळंच लागलेलं असतं, तर नेमकं त्यांचंच नाव फलकावर नसतं.

तेव्हा मी सुचवते ती व्यवस्था साधी आहे. शाळेने एक नाला निवडायचा, माथ्यापासून खाडीपर्यंत. सातवी किंवा आठवीचा एक वर्ग त्याच्या नावावर. वर्षातून चार फेऱ्या: जुलैत पाऊस लागल्यावर, सप्टेंबरअखेर, डिसेंबरात आणि मार्चमध्ये. जागा ठरलेल्या, त्याच त्या, तीन किंवा चार. प्रत्येक जागी काय लिहायचं? पाणी आहे की नाही. बरणीतला गाळ किती. १० मीटर अंतर नारळाच्या करवंटीने किती सेकंदांत कापलं. काठावर नवीन काय आलं: भिंत, भराव, पाइप, पत्रे. कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणते खेकडे, आणि यंदा कोण दिसलं नाही. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. हजेरीपटात गैरहजेरीच तर बघायची असते.

जुलै झाला की गणित शिक्षकांना बोलवा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. तुमच्या नाल्याचा पाणलोट १०० हेक्टर धरा आणि एका सकाळी ५० मिलिमीटर पाऊस पडला असं माना, आपल्याकडे त्यात नवल काही नाही. झाले ५ कोटी लिटर. १०,००० लिटरचा टँकर असेल तर ५,००० टँकर. त्यातलं किती जमिनीने धरलं आणि किती घोडबंदर रस्त्यावर आलं? रान असेल तर माती, पालापाचोळा आणि मुळं पुष्कळ अडवतात, काँक्रीट जवळजवळ सगळं सोडून देतं. आपला खडक बेसॉल्टचा. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. तो वरचा थरच वाहून गेला तर मुरायला जागा कुठली? पुस्तकातल्या टाक्या भरणाऱ्या नळांपेक्षा हे गणित मुलं जास्त भांडून सोडवतात, मी पाहिलं आहे.

मावशी आणि काका यांच्यासारख्यांना शाळेने शिक्षक म्हणून बोलवायचं, आणि मानधन द्यायचं. हे जरा ठासून लिहिते. पीपीटी दाखवायला येणाऱ्या पाहुण्याला आपण शाल, श्रीफळ आणि पाकीट देतो. पाड्यावरून आलेल्या बाईला चहा-बिस्किट देतो आणि 'किती साध्या आहेत' म्हणतो. त्यांचा शनिवारचा बाजार बुडतो, खाडीवरच्या माणसाची एक भरती जाते. पाकीट दोघांनाही सारखं हवं. सोसायट्यांनी गणपतीच्या वर्गणीतून एका फेरीचा खर्च उचलला तरी भागतं. आमच्या सोसायटीने उचलला, अर्थात आधी दोन सभांत तू तू मैं मैं झाली.

अडचणी मला ठाऊक आहेत. पालक म्हणतील, बिबट्या आहे. आहेच, राष्ट्रीय उद्यान आहे ते. म्हणून वन खात्याची लेखी परवानगी, सोबत वनरक्षक, दिवसाउजेडी फेरी आणि ठरलेली वाट. रानात आत जायचं नसेल तर मानपाड्याची निसर्गवाट आहे, तिथून सुरुवात करा. पूर असताना काठावर जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाहीच. धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी असते ती योग्यच आहे, आणि आपली फेरी सहल नाही हे मुलांना पहिल्या दिवशीच कळलं पाहिजे. बस नको, नाला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणाल, तर भूगोलाचे, विज्ञानाचे, गणिताचे आणि मराठी निबंधाचे मिळून चार शनिवार निघत नाहीत असं वेळापत्रक मी तरी अजून पाहिलेलं नाही. आणि मी तीन मुख्याध्यापकांच्या हाताखाली वेळापत्रकं बनवली आहेत.

खाडीचा अभ्यास करायचा तर ऐरोलीला कांदळवन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. पलीकडच्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते वर्गात सांगताना छातीही फुगते. पण रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवे बघायला बसने जाणं आणि आपल्या मागच्या नाल्याकडे बघणं यांत, माझं ऐकाल तर, दुसरं आधी करा.

वहीचं पुढे काय करायचं हा खरा प्रश्न. भूमी अभिलेख कार्यालयात जुना गाव नकाशा मिळतो. मी आणला. आमचा नाला त्यावर सापासारखा वळणं घेत गेलेला आहे. आज तो तीन ठिकाणी पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे आणि एका ठिकाणी दिसतच नाही, वर पार्किंग आहे. मुलांनी नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आजची रेघ लाल पेन्सिलीने काढली. एवढंच. त्यावर कोणी भाषण केलं नाही. पण तो कागद सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागला, आणि पुढच्या महिन्यात काठावर भराव पडायला लागला तेव्हा पहिला फोन सोसायटीच्या सेक्रेटरींनीच केला. तेच गृहस्थ, जे सभेत 'नाला ही महापालिकेची भानगड' म्हणत होते.

शाळेला जमीन विकत घेऊन राखता येत नाही, कोणाला नोटीस बजावता येत नाही. शाळेला एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली येते, ती म्हणजे वर्षानुवर्षं न चुकता नोंद ठेवणं. आपल्या कपाटात ४० वर्षांपूर्वीचे हजेरीपट आहेत. अधिकारी बदलतात, नगरसेवक बदलतात, सोसायटीची कमिटी बदलते, बिल्डरची तर कंपनीच बदलते. आठवीचा वर्ग मात्र दर जूनमध्ये भरतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला सांगितली आहे. महापालिकाही त्यात आली. लोकांनी सांगायचं आणि समितीने लिहायचं, अशी ती कल्पना. तुमच्या वहीची एक प्रत दर वर्षी त्या समितीला, एक वन खात्याला, एक काठावरच्या सोसायट्यांना द्या, आणि पोच घ्या. उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालेलं आहे. त्यात काय चालतं आणि काय नाही हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर 'जुलैत इथे गाळ १२ मिलिमीटर होता, पुढच्या जुलैत ४० झाला' असा आठवीच्या अक्षरातला कागद असला, तर त्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर देता येत नाही.

तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण आपण भ्रष्टाचारावरच्या निबंधात वापरायला शिकवतो. तिचा सरळ अर्थही एकदा मुलांना सांगून बघा. ठाण्यात एकेकाळी साठ तळी होती म्हणतात. मासुंदा आणि कचराळी अजून आहेत, उपवन आहे. बुजलेली शोधायची तर कोणत्या चौकाचं, कोणत्या बस थांब्याचं नाव 'तलाव'ने संपतं ते बघावं लागतं. आमच्या नाल्याला तर नावही नाही. मुलांनी मावशींना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्यांनी सांगितलेलं नाव आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. इथे लिहीत नाही. तुमच्या मुलांनी त्यांच्या नाल्याचं विचारून आणावं.

ज्या शाळेला पहिल्या फेरीला सोबत हवी असेल, तिथे मी येईन. गुडघे कुरकुरतात, पण काठावरून चालता येतं.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
ठाणे (पश्चिम)

ता. क. बरण्या काचेच्याच घ्या. प्लॅस्टिकच्या बरण्यांवर ओरखडे पडले की गाळाची रेघ नीट वाचता येत नाही. झाकणावर जागा आणि तारीख लिहा. मी पहिल्या वेळी लिहिली नाही, आणि दुसरी व तिसरी बरणी कोणती यावरून सहा मुलांत झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.